मदत हवी आहे: जुन्या पेन्या, बारा रिकामी भोकं आणि आठवड्याचे तीन पौंड

नमस्कार मंडळी,

नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही इंग्लंडात, बर्मिंगहॅमपासून अर्ध्या तासावर राहतो. मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांनी माळा आवरताना त्याला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत जुन्या पेन्या. १९७१ साली दशमान पद्धत आली, त्याआधीच्या, २४० पेन्यांचा एक पौंड व्हायचा तेव्हाच्या. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर माझ्या बाबांनी त्या पाहिल्या नि म्हणाले, "अरे, हा तर ढब्बू पैसा!" तेव्हापासून आमच्याकडे त्यांचं नाव ढब्बूच.

डब्यात निळ्या पुठ्ठ्याचं एक फोल्डरही होतं. १९०२ ते १९६७, सालागणिक एक गोल भोक, त्यात नाणं दाबून बसवायचं. मधली काही सालं नाहीतच, कारण तेव्हा पेन्या पाडल्या नव्हत्या. (१९२३ ते २५, १९४१ ते ४३, १९५५ ते ६०. हे सगळं लेकाने मला पाढ्यांसारखं पाठ करून ऐकवलंय. सतराचा पाढा अजून येत नाही, ते सोडा.) एकूण ५६ भोकं, त्यातली ४४ भरली. राहिली ती अशी: १९०४, १९०५, १९२६, १९३२, १९५०, १९५१, १९५३. शिवाय १९१२ एच, १९१८ एच, १९१८ केएन, १९१९ एच, १९१९ केएन. (एच, केएन म्हणजे सालाशेजारची बारीक अक्षरं, त्यांना वेगळी भोकं आहेत.)

त्याला आठवड्याला खाऊचे तीन पौंड मिळतात. वाढदिवसाचे जमवलेले बावीस आहेत. परवा त्याने ऑनलाइन १९५१ ची किंमत पाहिली आणि फोल्डर मिटून कपाटात ठेवलं. काही बोलला नाही, तेच मला लागलं.

तर प्रश्न असे. एवढ्या पैशांत हे पुरं होतं का, आणि कुठल्या क्रमाने जावं? १९३३ ला भोक नाही, पण शाळेतला मित्र म्हणतो तिच्याशिवाय संग्रह पुरा नाही, खरं का? आणि तिसरा, जरा लाजत विचारते: मी १९५१ ची विकत घेऊन गुपचूप डब्यात टाकली तर? "अरे, हे तळाशी राहिलंच होतं की!" असं म्हणायचं. नवरा म्हणतो ही फसवणूक. मला ती दिवाळीतल्या ओवाळणीसारखी वाटते.

जाता जाता: सासूबाईंच्या सांगण्यावरून त्याने सहा-सात नाणी चिंच-मीठ लावून घासली. तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी लखलखली आहेत. चाललं ना?

खुर्दा:
ताई, आधी चिंच थांबवा! बाकीचं नंतर.

पेनी ब्राँझची असते. वर्षानुवर्षं हाताळून तिच्यावर जो तपकिरी थर चढतो, तोच संग्राहकाला हवा असतो. घासलेलं नाणं गुलाबी पडतं आणि मोल जातं ते जातंच, परत येत नाही. १९४४, ४५, ४६ ची घासली असतील तर गंमतच, कारण ती टांकसाळीनेच मुद्दाम काळपट करून बाहेर काढली होती. आजीबाईंचा हात थेट टांकसाळीच्या कामावर फिरला! फार मळ असेल तर साधं पाणी, मऊ फडक्याने टिपून कोरडं करा. एवढंच. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातल्या काहींनी नाणी हिरवी नि चिकट होतात.

आता क्रम. १९०४, ०५, २६, ३२ ला हाताळून गुळगुळीत झालेलं नाणं चालणार असेल तर पैसे जपून ठेवा. नाण्यांच्या जत्रेत व्यापाऱ्यांकडे 'कुठलंही घ्या' असे ट्रे असतात, त्यात ती सापडतात. १९२६ नि १९३२ ला जरा जास्त शोधावं लागेल. १९५३ ची वेगळी गोष्ट. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी प्लास्टिकच्या पाकिटात नाण्यांचे संच विकले, पेनी त्यातच आली. लोकांनी ते संच जपले, म्हणून ती दिसायला कोरी आणि किमतीला गरीब.

ऑनलाइन एकेक नाणं घेऊ नका. नाणं एक पौंडाचं नि टपाल दोनाचं, असं होतं. एकाच विक्रेत्याकडची चार-पाच एकदम मागवा.

दीड शहाणा:
किलोवर मिळतात म्हणे पेन्या? कांद्यासारख्या?

खुर्दा:
मिळतात, थट्टा नाही. साडेनऊ ग्रॅमला जराशी कमी एक, म्हणजे किलोत शंभरावर बसतात. पण बहुतेक पिशव्या आधीच कुणीतरी वेचून झालेल्या असतात. १९६२ ते १९६७ ची रास निघते, ती घ्यायला कुणी तयार नसतं. लेकाला चिवडायची मजा हवी असेल तर एकदा घ्या, 'सापडेलच' या आशेवर दुसऱ्यांदा नको.

भोकाचा पैसा:
पुण्याहून लिहितोय. अशा ढिगाऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या पेन्याही मिसळलेल्या असतात. राजाचं तोंड तेच, आकार तोच, त्यामुळे पटकन फसायला होतं. उलटून मागची बाजू पाहायची. ढाल नि त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया असली तरच तुमची.

१९३३ बद्दल मित्राला सांगा की त्याच्या बाबांनाही ती परवडणार नाही. त्या वर्षी चलनात पेन्या आधीच उदंड होत्या, नव्या पाडायची गरज नव्हती. मोजक्याच पाडल्या, आज सातच्या आसपास माहीत आहेत. काही तर इमारतींच्या पायाच्या दगडाखाली ठेवल्या होत्या, आणि लीड्सजवळच्या एका चर्चखालची १९७० साली चोरांनी उकरून नेली. कुणी वीस पौंडांत देतो म्हणाला तर ती नक्कल. १९५४ ची तर एकच आहे. म्हणून फोल्डरवाल्यांनी भोक न ठेवून शहाणपणाच केलाय.

खरी अडचण १९५० आणि १९५१ चीच. पहिली २,४०,००० नि दुसरी १,२०,००० पाडली. बाकीच्या बहुतेक सालांचे आकडे कोटींत जातात. १९५१ च्या बऱ्याचशा बर्म्युडाला गेल्या आणि नंतर व्यापाऱ्यांनी परत आणल्या. त्यामुळे ती फारशी झिजलेली मिळत नाही, अन् स्वस्तही मिळत नाही.

चहाबाज:
तिसऱ्या प्रश्नावर मी नवऱ्याच्या बाजूने. मुलगा पाडलेल्या नाण्यांचे आकडे पाठ म्हणतो, त्याला डब्याच्या तळाशी १,२०,००० तली एक सापडेल हे पटणार नाही. आणि पटलंच, तर शाळाभर सांगत सुटेल, मग तुम्हाला जन्मभर ते निभवावं लागेल. वाढदिवसाला कागदात गुंडाळून द्या.

दीड शहाणा:
मी तर टाकलं असतं. पडलेल्या दुधाच्या दाताच्या बदल्यात उशीखाली गुपचूप नाणं ठेवणाऱ्या देशात राहता, एवढं चालतं.

खुर्दा:
मी मधला. १९५० त्याने स्वतः घ्यावी, बावीस पौंड त्यासाठीच राखावेत, झिजकी चालेल. १९५१ तुमच्याकडून.

एच नि केएन राहिलंच. लंडनच्या टांकसाळीला मागणी झेपेना, तेव्हा काम बर्मिंगहॅमच्या हीटन आणि किंग्ज नॉर्टन या कारखान्यांना दिलं. त्यांची अक्षरं सालाच्या डावीकडे, इतकी बारीक की झिजल्यावर टाचणीच्या टोकाएवढी उरतात. तुमच्यापासून अर्ध्या तासावरचा माल! ट्रेमध्ये व्यापारी प्रत्येक नाण्याला भिंग लावत नाही, म्हणून मुलांना ही सापडतात. १९१२ एच तर १ कोटी ६८ लाख पाडली, अवघड नाहीच. केएन मात्र थांबायला लावतील. आधी फोल्डरमधली १९१२, १८, १९ काढून दहापट भिंगाखाली बघायला सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. चिंच बंद. सासूबाईंना काळ्या ढब्बूंचं सांगितलं, तर म्हणाल्या, "टांकसाळवाल्यांना भांडी घासायची सवय नसेल."

काल रात्री जेवण झाल्यावर फोल्डर कपाटातून बाहेर आलं. पुठ्ठ्यातली नाणी इतकी घट्ट की मागून पेन्सिलीने ढकलावी लागली. १९१८ आणि १९१९ साधीच निघाली. १९१२ ला त्याने भिंग लावलं, मग दिवा जवळ ओढला, मग मला बोलावलं, मग बाबाला. सालाच्या डावीकडे पुसट दोन उभ्या रेघा नि मध्ये आडवी. एच! आठ महिने चुकीच्या भोकात बसलं होतं.

ते त्याने वाजतगाजत एचच्या भोकात हलवलं. आता साध्या १९१२ चं भोक रिकामं झालंय, म्हणजे एकूण पुन्हा बाराच. पण फोल्डर उशाशी घेऊन झोपलाय.

१९५१ ची मागवलीय. नवऱ्याला सांगितलं नाही अजून, ते पाकीट डाळींच्या डब्यामागे लपवलंय. वाढदिवस ऑक्टोबरात. कुणाकडे १९०४ ची जादा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बदल्यात १९६७ च्या हव्या तेवढ्या देऊ. अगदी किलोने.