पी०१३३: ऑक्सिजन सेन्सर खरोखर संथ आहे का?

प्रश्न:
माझ्या २०१४ च्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला असून स्कॅनरवर पी०१३३ हा कोड येतो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचा प्रतिसाद संथ आहे. गॅरेजवाले थेट सेन्सर बदलायला सांगतात. ब्लूटूथ स्कॅनरवर व्होल्टेज ०.१ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान सावकाश हलताना दिसते. खर्च करण्यापूर्वी खात्री कशी करावी?

उत्तर १:
ब्लूटूथ स्कॅनरवरून वेगाचा निष्कर्ष काढू नये. बऱ्याच नोंदी एकदम पाहत असाल, तर एकेक व्होल्टेज सेकंदाला जेमतेम दोन-तीनदा वाचले जाते, आणि चांगला झिर्कोनिया सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचा नेहमीचा प्रकार) लीनकडून (इंधन कमी) रिचकडे (इंधन जास्त) साधारण १०० मिलिसेकंदांत उडी मारतो. ती उडी या यंत्राला दिसणारच नाही. इंजिन पूर्ण तापवून, दोन मिनिटे २,५०० आरपीएमवर ठेवून, सिग्नलच्या तारेवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लावावा आणि अॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडावा. व्होल्टेजची रेषा ताठ चढण्याऐवजी तिरपी चढत असेल, तर संशयाला आधार आहे.

उत्तर २:
त्याआधी इंजिनपासून सेन्सरपर्यंतची सायलेन्सर लाइन तपासा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून गळती असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर निर्दोष असूनही मिश्रण लीन असल्याचे सांगतो आणि संगणक नाहक इंधन वाढवत राहतो. थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज येतो का आणि जोडावर काजळी दिसते का, ते पाहा. सेन्सरला तापवणाऱ्या आतल्या हीटरचा रोधही मोजा. पूर्ण तुटलेल्या हीटरसाठी सहसा वेगळा कोड येतो, पण अशक्त हीटरमुळेही प्रतिसाद संथ होऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
गळती नाही, हीटर ठीक आहे. स्कोपवर एका चढाला सुमारे ३०० मिलिसेकंद लागले. सेन्सर काढला, तर टोकावर पांढरट थर होता. दोन महिन्यांपूर्वी व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटला सिलिकॉन लावले होते, हे आत्ता आठवले.

उत्तर १:
मग कारण बहुधा तेच. सेन्सरसाठी सुरक्षित नसलेल्या सिलिकॉनची वाफ क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) इंजिनात जळण्यासाठी ओढली जाते आणि जळून टोकावर सिलिकाचा थर बसतो. पेट्रोलने धुऊन किंवा ब्रशने घासून तो निघत नाही, उलट टोक बिघडते, त्यामुळे आता सेन्सर बदलणे योग्य. सिलिकॉनही सेन्सरसाठी सुरक्षित असलेलेच वापरा, आणि नव्या सेन्सरच्या आट्यांना लावायचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) टोकाला लागू देऊ नका.