शिल्लक तीन भ्रूण, कांटचा नियम आणि अर्जावरचे दोन चौकोन

कृष्णाकाठची (सांगली)
आमची मुलगी सहा वर्षांची आहे, टेस्ट ट्यूब बेबी. तिच्याबरोबर तयार झालेले तीन भ्रूण इथल्याच एका दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेत. दरवर्षी पैसे भरतो. दुसरं मूल नको हे आता ठरलंय, आणि परवा दवाखान्यानं अर्ज हातात दिला. दोन चौकोन: नष्ट होऊ द्यावेत, की संशोधनाला द्यावेत. २०२१ च्या कायद्यानं १० वर्षांपुढं ठेवताही येत नाहीत, तेव्हाही हेच दोन रस्ते.

मिस्टर म्हणतात, संशोधनाला देऊ, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. माझं पेन तिथंच अडतंय. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्ये मांडलेलं सूत्र तेव्हापासून मनात बसलंय: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. शंभर जण बरे होणार असले तरी एकाला न विचारता कापता येत नाही. १७९७ च्या ग्रंथात तो आईबापांबद्दलही बोलतो, की मुलाला त्याच्या संमतीशिवाय जगात आणलंत, म्हणून त्याचं देणं तुम्ही लागता. या तिघांना मीच घडवून घेतलं. मग प्रयोगाच्या बशीसाठी सही कशी करू? माझ्या मते ते चूक आहे. पटत नसेल तर स्पष्ट सांगा.

वाळव्याचा मास्तर
ताई, सूत्र बरोबर, पण लागू कुणाला होतं? कांटच्या लेखी माणसाची प्रतिष्ठा येते ती विवेकानं स्वतःला नियम घालून घेण्याच्या क्षमतेतून. पाच दिवसांच्या पेशींत ती कुठली? हळदीचं बेणं म्हणजे मार्केट यार्डात सौद्याला आलेली हळद नव्हे. आणि नष्ट होऊ देण्यात तरी त्यांना साध्य मानणं कुठं आहे? दोन्हीकडं शेवट तोच. एकीकडं निदान कुणाचं भलं होईल.

म्हैसाळ रोड
मास्तर, पाळण्यातल्या पोराला तरी कुठं विवेक असतो? तुमचं शेवटचं वाक्य तर फारच घातक आहे. 'नाहीतरी मरणारच' हे फाशीच्या कैद्याबद्दलही म्हणता येईल, म्हणून त्याच्यावर औषधं तपासायची का? मरू देणं वेगळं, वापरणं वेगळं. २०१७ ला आमच्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तेव्हापासून 'हा अजून माणूस नाही' असं कुणी म्हटलं की अंगावर काटा येतो. मुलगी नको म्हणणारेही मनाची समजूत अशीच घालतात.

मिरजेची लॅबवाली
मी याच कामात आहे. दादा, म्हैसाळला सापडले ते आईच्या पोटात वाढलेले गर्भ होते. बातम्यांत दोन्हीला भ्रूणच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. पाचव्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तेव्हा शंभर-दोनशे पेशी असतात, सगळा मिळून मिलिमीटरचा एक-दोन दशांश. पाण्याच्या फुग्यासारखा गोल. आत एका कडेला छोटा पुंजका, बाळ होतं ते त्यातून. बाहेरच्या थराची वार होते. नळीत उचलताना आजही श्वास आपोआप रोखला जातो. आमच्यात कुणी त्याला वस्तू समजत नाही.

पण साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी त्यात पहिली रेषा उमटते, आदिरेषा; बाळाच्या शरीराची आखणी तिथून सुरू होते. त्याआधी एकाचे दोन होऊ शकतात, जुळी. एक की दोन हेच ठरलेलं नाही त्याला 'कुणीतरी' कसं म्हणायचं? ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं १९८४ ला भ्रूणावरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० ला तिथं कायदा झाला. आपल्याकडं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वंही तिथंच थांबवतात.

आणि ताई, राग मानू नका. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ ला शरीराबाहेर मानवी बीज फलित केल्याचं जाहीर केलं. बशीतच संपलेल्या कितीतरी भ्रूणांवर काम झालं, तेव्हा १९७८ ला पहिलं बाळ जन्मलं. तुमची लेक त्याच वाटेनं आलीय.

म्हैसाळ रोड
ती १४ दिवसांची मर्यादा तरी कुठं जागेवर राहते? मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात, त्यांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ ला १४ दिवसांपुढची सरसकट मनाई काढली, आता म्हणे प्रत्येक प्रकल्प तपासून ठरवा. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ ला उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या कातडीच्या पेशींपासून, भ्रूण न वापरता, भ्रूणातल्यासारख्या मूलपेशी करून दाखवल्या. दुसरी वाट असताना हीच का धरायची?

मिरजेची लॅबवाली
कारण भ्रूण तिसऱ्या दिवशी वाढायचा का थांबतो, हे कातडीच्या पेशी पूर्ण सांगू शकत नाहीत. 'यावेळीही नाही' हे ऐकून जिन्यातच बसून राहिलेल्या बायका मी बघितल्यात. त्यांचंही काही देणं आपण लागतो की नाही?

कृष्णाकाठची (सांगली)
लेकीबद्दलचं वाचून मी फोन ठेवून दिला होता. रात्री परत वाचलं. खरं आहे, घेताना मला कांट आठवला नाही, देताना आठवला. हे मला लागलंय.

तरी पूर्वी कुणीतरी वापरलं म्हणून मीही वापरू द्यावं, हे कर्तव्य ठरत नाही. मास्तर, माझी चूक त्याआधीच झालीय असं आता वाटतं. एक रुजावा म्हणून जास्तीचे करून ठेवले, तेव्हाच हे तीन साधन झाले. त्याची संमती बीज काढायच्या दिवशी सकाळी घेतली. उपाशीपोटी, सलाईनच्या हातानं, सहा पानं इंग्रजी. कुठं सही करायची ते सिस्टरनं बोट ठेवून दाखवलं. त्या क्षणी साधन मीसुद्धा होते. विवेक असलेली, बोलता येणारी, आणि मलाही कुणी विचारलं नाही.

आत्ताच्या अर्जावरही नुसतं 'संशोधन' आहे. कसलं, कुठं, किती दिवस, काही नाही. कोऱ्या कागदावर मी सही देणार नाही. सोमवारी जाऊन लेखी विचारते. लॅबवाली म्हणते तसं काम असेल, १४ दिवसांच्या आतलं, तर परत विचार करीन. उत्तर नाही मिळालं तर पहिला चौकोन.

वाळव्याचा मास्तर
विचाराच. संस्था नोंदणीकृत आहे का तेही विचारा, कायद्यात तशी अट आहे. पाळण्यातल्या पोराचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, दादा.

म्हैसाळ रोड
ताई, मिस्टरांनाही बरोबर न्या. संमती दोघांची आहे.