कमरेचा एमआरआय आला, एक डॉक्टर ऑपरेशन सांगून राहिले, कोणाला रिपोर्ट समजत असेल तर आजच सांगा

इतवारीचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, कमरेचं दुखणं वर्षाच्या वर होऊन गेलं, शेवटी एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये हे आहे - एल४-एल५ आणि एल५-एस१ डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थिकल सॅकला इंडेंटेशन, दोन्ही बाजूच्या न्यूरल फोरामिना माइल्ड नॅरो, लंबर लॉर्डोसिस कमी, डी१२ मध्ये हिमॅन्जिओमा. इथं नागपुरात धंतोलीत एकानं फिल्म उजेडात धरली अन् म्हणे ऑपरेशन करून टाका, रामदासपेठेत दुसऱ्यानं म्हटलं काही नाही, बेल्ट लावा. कोणाचं ऐकायचं? हिमॅन्जिओमा गुगलवर टाकला तर ट्यूमर ट्यूमर दाखवून राहिलं, घरात कोणी झोपलं नाही. उद्या परत बोलावलंय. आणि कृपया "डॉक्टरला विचारा" लिहू नका, त्यांनाच विचारून इथं आलो.

तर्री_जास्त
भाऊ वय काय? दुखणं पायात उतरते का? उतरत असेल तर कुठवर, गुडघ्याच्या खाली जाते का?

वर्धारोड_रोजचा
टू व्हीलरवर बुटीबोरीला जाता का? मी जातो. सिमेंट रोडच्या जोडावर गाडी आपटली की मणका न् मणका मोजता येते. आमच्या लाइनमध्ये नवीन ब्रेकर टाकला त्याला ना रंग ना बोर्ड. गाडी बदला, शॉकअप पाहून घ्या.

इतवारीचा_पाहुणा
गाडीचा काही संबंध नाही जी. रिपोर्ट बायकोचा आहे. वय 33.

तर्री_जास्त
अरे बाप्पा, हे वर कुठं लिहिलं होतं? पायाचं अजूनही सांगितलं नाही तुम्ही.

खामल्याची_काकू
कूलरसमोर झोपते का ती? आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यांच्या कमरा धरतात, ओली हवा थेट पाठीवर घ्यायची अन् मग एमआरआय काढत फिरायचं. डिलिव्हरीनंतर शेक-शेगडी झाली होती का नीट? मेथीचे लाडू दे तिला.

काढा_आणि_कटिबस्ती
ऑपरेशनच्या नादी लागू नका. आमच्या वहिनीला कटिबस्तीनं, म्हणजे कमरेवर कोमट तेल थांबवून ठेवतात त्यानं, फरक पडला, सक्करदऱ्याच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजात दाखवा. बल्ज पूर्ण आत जातो.

तर्री_जास्त
तेलानं बरं वाटते हे मान्य, माझ्या आईलाही वाटते. पण कातडीवर ओतलेलं तेल डिस्क आत ढकलते हे कोणी सांगितलं? निघालेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवते, तेल लावा नाही तर नका लावू.

काढा_आणि_कटिबस्ती
तुमच्या ॲलोपॅथीनं काय दिलं मग? गोळ्या आणि ॲसिडिटी.

फिल्मबॉक्स
मी एमआरआय सेंटरवर काम करतो, डॉक्टर नाही, पण हे रिपोर्ट रोज पाहतो. एल४-एल५, एल५-एस१ म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या गाद्या, त्यालाच डिस्क म्हणतात. डेसिकेशन म्हणजे डिस्कमधलं पाणी कमी झालं, टी२ नावाच्या फिल्मवर ती काळी दिसते. बल्ज म्हणजे डिस्क चारी बाजूंनी थोडी पसरली. तुकडा बाहेर आला असता तर एक्स्ट्रूजन लिहिलं असतं. थिकल सॅकला इंडेंटेशन म्हणजे नसांच्या पिशवीला टेकली, पण एकही नर्व्ह रूट दबली असं तुमच्या रिपोर्टमध्ये कुठंच नाही. फोरामिना म्हणजे नस बाहेर निघायची भोकं, ती थोडी अरुंद आहेत. लॉर्डोसिस म्हणजे कमरेचा नेहमीचा बाक, तो कमी हे स्नायू आखडल्यानं, नाही तर नुसतं मशिनमध्ये सरळ झोपल्यानंही येते. हिमॅन्जिओमा म्हणजे मणक्यात रक्तवाहिन्यांचा गुच्छा, नेहमी सापडते, बहुतेक वेळा त्याला कोणी हातही लावत नाही. ते गुगल बंद करा आधी.

आणि एक, 2015 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत 3110 लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिले होते, सगळे कंबर न दुखणारे. तिशीतल्या 40 टक्के लोकांत बल्ज होता अन् 52 टक्क्यांत डिस्क झिजलेली. म्हणजे रिपोर्टमध्ये जे आहे तेच दुखून राहिलं असं नसते.

इतवारीचा_पाहुणा
हे सगळं ठीक आहे हो, पण ऑपरेशन करायचं की नाही? हो की नाही एवढंच सांगा.

साडू_साहेब
करून टाका. माझं एल५-एस१ चं झालं, दुसऱ्या दिवशी चालवलं, आज जिने चढतो. लोक उगाच घाबरवतात.

फिजिओ_मनीषनगर
साडू साहेब, तुम्हाला ऑपरेशनच्या आधी काय होत होतं?

साडू_साहेब
उजवा पंजा उचलत नव्हता, चप्पल निघून जायची.

फिजिओ_मनीषनगर
मग तुमची केस वेगळी. पंजा लुळा पडला, लघवी अडकली किंवा नकळत झाली, संडासवर ताबा गेला, बसायच्या जागी बधिर झालं तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत. ताप, वजन उतरणं, आधीचा टीबी किंवा कॅन्सर असेल तरी लवकर दाखवायचं. नुसत्या बल्जसाठी, नस दबलेली नसताना, बहुतेक सर्जन स्वतःच ऑपरेशन टाळतात.

इतवारीभाऊ, आता नीट सांगा. सकाळी उठल्यावर कशी असते? आराम केला की बरं वाटते की वाढते?

इतवारीचा_पाहुणा
सकाळी लाकडासारखी होऊन जाते, कुशीवरून उठायलाच वेळ लागते, तासभर तर कणिक मळता येत नाही. कामाला लागली की मोकळी होते, म्हणून तर आई म्हणते काही नाही, नाटक आहे. रात्री तीन-चारला उठून हॉलमध्ये फिरते. पायात नाही, मागे बसायच्या जागेपर्यंत, कधी डावीकडे कधी उजवीकडे. पेनकिलर घेतली की दिवसभर एकदम ठीक.

फिजिओ_मनीषनगर
हे आधी लिहायचं होतं ना. डिस्कचं दुखणं सहसा वाकलं, बसलं, वजन उचललं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते. यांचं उलटं आहे. 45 च्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांच्या वर, आरामात वाढणारं, पहाटे जागं करणारं, आलटून पालटून दोन्ही बाजूंना, याला इन्फ्लमेटरी बॅक पेन, म्हणजे सुजेचं कंबरदुखणं म्हणतात. आहेच असं मी म्हणत नाही, पण अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे मणक्यांच्या संधिवाताची, शंका घ्यायला जागा आहे. सर्जनच्या आधी रूमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन न होणारा?

इतवारीचा_पाहुणा
उन्हाळ्यात एक डोळा आला होता, अंधारात बसून राहायची. पण डोळ्याचं इथं काय?

फिजिओ_मनीषनगर
याच आजाराचं असू शकते, रूमॅटॉलॉजिस्टला नक्की सांगा. डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर तीही न्या.

साडू_साहेब
स्पॉन्डिलायटिस तर मानेचा असते, टीचर लोकांना होते.

तर्री_जास्त
मानेचा तो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, साहेब. अन् अँकिलोजिंग पुरुषांनाच होते असंही समजू नका, माझ्या मावसबहिणीला याच चक्करमध्ये चार वर्षं बेल्ट लावून ठेवला होता.

फिल्मबॉक्स
हो, अन् नेहमीच्या लंबर, म्हणजे कमरेच्या एमआरआयमध्ये एसआय जॉइंट, म्हणजे मणका खाली कंबरेच्या हाडाला जुळते ते सांधे, पूर्ण येतच नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये त्यांचं काही लिहिलं नाही म्हणजे ते चांगले आहेत असं धरू नका. ते डॉक्टर कदाचित वेगळा एमआरआय किंवा एचएलए-बी२७ नावाची रक्ततपासणी सांगतील. बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच असंही नाही, निगेटिव्ह म्हणजे नाहीच असंही नाही.

काढा_आणि_कटिबस्ती
आमवात म्हणा ना मग सरळ. आमच्याकडे कधीपासून लिहून ठेवलंय.

नंदनवन_४२
मध्येच विचारतो, माझं युरिक ॲसिड 7.8 आलं, टाच दुखते, त्यासाठी पण एमआरआय लागेल का?

तर्री_जास्त
वेगळा धागा काढा ना बे.

इतवारीचा_पाहुणा
उद्याचं सर्जनकडचं पुढं ढकललं. रूमॅटॉलॉजिस्टची सोमवारची वेळ भेटली, ते रिपोर्टसोबत सीडी आणा म्हणाले. सीडी घरात सापडून नाही राहिली, सेंटरवाले परत देतात का?

फिल्मबॉक्स
देतात. बिल नाही तर पेशंट आयडी घेऊन जा, थोडे पैसे घेतील. अन् सीडी लागत नसेल तर पेनड्राइव्हवर मागा.