मदत हवी आहे: कडक प्लास्टिकची पाकिटं आईला एकटीला उघडता येतील असं काही आहे का?

खळ्यातून

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे त्यावरून रोज फोनवर वाद होतोय, म्हणून विचारतो.

आई देवगड तालुक्यात गावच्या घरी एकटीच असते. वय ७४, दोन्ही हातांना संधिवात. सकाळी तर बोटं वळतच नाहीत. मी डोंबिवलीला. थोडं सामान मी कुरियरने पाठवतो, बाकी ती कोणाकडून तरी बाजारातून मागवून घेते. गाडी अडते ती पारदर्शक कडक प्लास्टिकच्या पाकिटांपाशी. टॉर्चचे सेल, टूथब्रश, गॅसचा लायटर, साखर तपासायच्या मशीनचा तो गोल चपटा सेल, सगळं त्यातच येतं. पावसात लाईट जाते, टॉर्च मंद झालेला असतो आणि नवे सेल पाकिटात बंद.

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा एक पाकीट नीट बघितलं. चारी कडांना बोटभर रुंदीची पट्टी, त्यात दोन्ही थर असे एकजीव की नख शिरत नाही. एका कोपऱ्यात 'येथून उघडा' असा बाण छापलाय आणि तिथे खाच म्हणून नाही! दाताने ओढावं तर आईला कवळी. साधी शिलाईची कात्री त्यावरून घसरते.

मग आई सरळ आडाळ्यावर (म्हणजे विळीवर) बसते. पाकीट दोन्ही हातांत धरून पात्यावर दाबते. मी ओरडलो की म्हणते, "जन्मभर फणस फोडलंय, ह्या काय मोठा?" आतापर्यंत निभावलंय. शेजारच्या काकींचा मुलगा संध्याकाळी येऊन फोडून देतो, पण दर सेलापायी कोणाला तरी हाक मारायची हे तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तर, हातात जोर नसलेल्या माणसाला एकट्याने, बोट न कापता ही पाकिटं उघडता येतील असं हत्यार किंवा युक्ती आहे का? "तूच आधी फोडून पाठव" हे कृपया सुचवू नका. मी पाठवतो त्याचं तसंच करतो. प्रश्न तिथे विकत घेतलेल्या वस्तूंचा आहे.

मालवणी_मेवा

आधी तो आडाळो बंद करूक सांग. फणस मऊ असता, ह्या प्लास्टिक सटाकता. हात सटाकलो तर बोट जातला. माझ्या आयेन असाच केल्यान, टाके पडले. उपाय माका म्हायत नाय, पण ह्या आधी कर.

कलमवाला

सिकेटर घ्या. आम्ही काजू-आंब्याच्या कलमांच्या काड्या कापायला वापरतो ती. आत स्प्रिंग असते, त्यामुळे उघडायला जोर लागत नाही, फक्त मिटायला लागतो. काजूची अंगठ्याएवढी फांदी कापते तर प्लास्टिक काय चीज आहे. बियाणं-खतांच्या दुकानात मिळेल. मोठी घेऊ नका, मुठीत मावली पाहिजे. आणि बिजागरीत अधूनमधून तेलाचा थेंब सोडायला सांगा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा नुसती ठेवली तर पुढच्या वर्षी ती उघडायलाच दुसरी सिकेटर लागेल.

बोरिवली_व्हाया_राजापूर

२०१८ साली महाराष्ट्रात पिशव्या बंद झाल्या, भाजीवाल्याला दंड बसायला लागला. आणि दोन सेलांसाठी वीतभर प्लास्टिक? ते चालतं. असो, माझा राग बाजूला ठेवतो.

डबे उघडायचा चाकाचा ओपनर असतो ना, चावी फिरवायची तो? तो पाकिटाच्या कडेला लावून फिरवा, झकास कापत जातो. मी मुंबईला हेच करतो.

खळ्यातून

@बोरिवली, धन्यवाद, पण चावी पिळणं हीच आईची सगळ्यात मोठी अडचण. नळसुद्धा तिने मुद्दाम दांडीचा बसवून घेतलाय.
@कलमवाला, सिकेटर घरात आहे, बाबांची. ती बरीच जड आहे आणि तिचा खटका अंगठ्याने सरकवावा लागतो. तरी लहान मिळते का बघतो.

साच्यावरचा

या विषयावर मला बोलायचा हक्क आहे, कारण बरीच वर्षं मी हीच पाकिटं काढायच्या मशीनवर होतो. शिव्या द्यायच्या असतील तर माझ्या नावाने द्या.

आधी ती बनतात कशी ते सांगतो, म्हणजे कुठे कापायचं ते कळेल. पीव्हीसी किंवा पीईटी या प्लास्टिकची साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची शीट गरम करून नरम करतात आणि साच्यावर ठेवून खालून हवा खेचतात. शीट साच्यात ओढली जाते तसा तिथे वस्तूचा फुगवटा तयार होतो. ओढली गेली तिथे ती पातळ होते आणि कडेची सपाट पट्टी मूळ जाडीचीच राहते. मग दोन भाग समोरासमोर ठेवून ती पट्टी उष्णतेने किंवा हाय फ्रिक्वेन्सीच्या विद्युत लहरींनी जोडतात. म्हणजे पट्टीवर दोन जाड थर, तेही वितळून एक झालेले. आणि लोक नेमके तिथेच झटतात!

तेव्हा पट्टी सोडून द्या. पट्टी जिथे संपते आणि फुगवटा सुरू होतो, त्या रेघेच्या जरा आतून कापा. तिथे थर जोडलेले नसतात, मध्ये पोकळी असते. तीन बाजू शेवटपर्यंत कापा, चौथी तशीच ठेवा. झाकण आपोआप मागे वळतं. अर्धं कापून हाताने ओढायला जाऊ नका. बोटं नुसती कात्रीनेच नाही, त्या फाटलेल्या कडेनेही कापतात, आणि ओढताना दुसरा हात नेमका समोर असतो.

मागे पुठ्ठा असलेली पाकिटं वेगळी. त्यात प्लास्टिकला हातच लावू नका. पुठ्ठ्याची वरची कडा कापा, पुठ्ठ्याचे थर सुटतात आणि फुगवटा मागून मोकळा होतो. काही पाकिटांत पुठ्ठा कडेच्या दुमडीत नुसता सरकवलेला असतो, तो तर खाली ओढला की निघतो. आईंना आधी मागची बाजू बघायची सवय लावा. निम्मी पाकिटं कात्रीशिवाय सुटतील.

हे असं बनवतात का, तर परदेशातल्या मोठ्या दुकानांत माल गिऱ्हाईकाच्या हाताशी आकड्याला टांगलेला असतो. वस्तू छोटी आणि महाग असली की खिशात जाते. म्हणून पाकीट मोठं आणि न फाटणारं. आपल्या गावच्या दुकानात सेल दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर असतात, चोरणार कोण? पण साचा एकदा बनला की तोच माल सगळीकडे जातो. बाहेर लोक वैतागलेच. अ‍ॅमेझॉनने २००८ साली 'फ्रस्ट्रेशन फ्री' म्हणून साध्या पुठ्ठ्याचं पॅकिंग सुरू केलं, ते यावरच. घरपोच मालाला चोराची भीती नाही, हा साधा हिशेब.

पेठेतला_दुकानदार

साच्यावरचा यांचं बरोबर आहे, पण आमचीही बाजू ऐका. पुठ्ठ्याच्या खोक्यातला माल जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात ठेवून दाखवा. पुठ्ठा फुगतो, बुरशी धरते, गिऱ्हाईक हातात घेत नाही. बंद प्लास्टिकात सेल कोरडे राहतात. मला तरी ते बरं पडतं.

मात्र दुकानात पाकीट उघडून मागितलं तर कोणीही नाही म्हणणार नाही. माझ्याकडे पत्रा कापायची कात्री गल्ल्याशीच असते. म्हाताऱ्या माणसांना मी विचारूनच उघडून देतो. जो कोणी आईंचं सामान आणतो त्याला सांगा, "फोडून दे" म्हणायचं. फक्त टॉर्च वगैरे आधी लावून बघा, आणि मागचा पुठ्ठा आणि बिल टाकू नका. वस्तू बदलायची वेळ आली तर तेच मागतात.

सिस्टर_गुहागर

मी नर्स आहे, तेव्हा दोन गोष्टी.

हत्यार: मेडिकलमध्ये बँडेज कापायची कात्री मागा, तिरक्या पात्याची आणि मोठ्या मुठीची. तिच्या खालच्या पात्याचं टोक चपटं, बोथट असतं. ते प्लास्टिकखाली सरकतं, पण हाताला भोसकत नाही. अपघाताच्या पेशंटचे जीन्ससुद्धा आम्ही तिनेच कापतो. संधिवाताला युक्ती अशी: कात्री हवेत धरायची नाही. खालची मूठ टेबलाच्या कडेवर टेकवायची आणि वरच्या मुठीवर तळहाताने अंगाचा भार द्यायचा. बोटांना काम राहतच नाही. हे करायची वेळ दुपारची. सकाळी बोटं आखडलेली असताना नको.

लागलंच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. हळद, कॉफी काही चेपायचं नाही, आम्हाला नंतर ती धुऊन काढावी लागते. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल तर रक्त थांबलं तरी दवाखान्यात जा, आतली शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट त्या चपट्या सेलाची. त्याचं पाकीट कडक असतं ते मुद्दाम, आणि तिथे मी कंपन्यांच्या बाजूने आहे. तो सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. अमेरिकेत २०२२ साली यासाठी कायदाच झाला, पाकीट मुलांना उघडता येणार नाही असंच हवं. गणपतीला, मे महिन्यात घरात नातवंडं येणार असतील तर सुटे सेल ओटीवर, देव्हाऱ्यापाशी नकोत. जुना काढलेलासुद्धा नको, त्याच्यातही तेवढा करंट शिल्लक असतो.

बोरिवली_व्हाया_राजापूर

सिस्टर, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे रिमोटचा तसला सेल टीव्हीवरच पडलेला असतो. आत्ताच उचलतो.

आणि फोडलेलं प्लास्टिक? आमच्या गावी आजी न्हाणीच्या चुलीत घालते, पाणी तापवायला पेटवण म्हणून.

साच्यावरचा

अजिबात नको! पीव्हीसी जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, वर डायॉक्सिन नावाचं विष. त्या बंद न्हाणीत आजी धूर ओढत बसणार. पाकिटाच्या मागे त्रिकोणात आकडा असतो, १ म्हणजे पीईटी, ३ म्हणजे पीव्हीसी. पीईटी भंगारवाला घेतो, बाटल्या घेतो तसं. ३ चं कोणी घेत नाही. पण चुलीत दोन्ही नकोत.

खळ्यातून

सगळ्यांचे आभार. बँडेजची कात्री मेडिकलमध्ये मिळाली, गावी पाठवली. काल व्हिडिओ कॉलवर साच्यावरचा यांनी सांगितलेली रेघ दाखवली आणि सिस्टरांची टेबलाची युक्ती करून घेतली. टूथब्रशचं पाकीट निघालं. सेलाचं पाकीट तिने उलटं करून बघितलं, पुठ्ठा नुसता सरकवलेला होता! त्यावर मला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं, की इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही. आडाळो अजून जागेवर आहे, पण निदान प्लास्टिकसाठी नाही.

एक राहिलंच. गोळ्यांच्या ज्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्यातली गोळी अंगठ्याने दाबून तिला निघत नाही. सगळ्या एकदम काढून डबीत भरून ठेवल्या तर चालेल का?

सिस्टर_गुहागर

सगळ्या नको. ती पट्टी ओल आत जाऊ नये म्हणूनच असते, आणि पावसात तुमच्याकडची हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. काही गोळ्या दोन-चार दिवसांत नरम पडतात, रंग बदलतो. शिवाय पट्टी फेकली की औषधाचं नाव आणि तारीख दोन्ही गेलं. कुठली गोळी आहे ते केमिस्टला सांगून विचारा. त्याने चालेल म्हटलं तर फक्त दुसऱ्या दिवसापुरत्या काढून झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवायच्या. काढायला पट्टीचा तो भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवून चमच्याची दांडी उलटी धरून फुगवट्यावर दाबा, अंगठा लागत नाही. गोळी तुटली तर मात्र ती युक्ती सोडा, काही गोळ्या मोडून घ्यायच्या नसतात.