सेल्सचा सीव्ही: कुठूनच फोन येत नाही, काय बदलू?

पायवाट
सेल्सच्या नोकरीसाठी बरेच दिवस अर्ज टाकतोय, कुठूनच फोन येत नाही. अनुभव भरपूर आहे. समोर बसवलं तर मी बोलण्यात कमी पडत नाही, पण बोलायची वेळच येत नाहीये. सीव्हीचा वरचा भाग देतो:

'टार्गेट ओरिएंटेड, कष्टाळू व उत्साही सेल्स प्रोफेशनल. टेरिटरी सांभाळणे, ग्राहकांशी संबंध ठेवणे, नवीन ग्राहक शोधणे, रोजचे रिपोर्ट पाठवणे.'

यात काय चुकतंय? जरा लवकर सांगा, एका जागेची मुदत परवा संपतेय.

काटेसावर
विकता काय? कुणाला? किती वर्षं? अर्ज कोणत्या पदासाठी? इथे यातलं काहीच नाही, आणि बहुधा सीव्हीतही नसावं. या ओळी विमा विकणाऱ्याला चालतील आणि सिमेंट विकणाऱ्यालाही. ही कामाची यादी झाली. त्या कामातून काय निघालं ते लिहा.

रानवारा
आधी टेम्प्लेट बदला. डावीकडे रंगीत पट्टा, त्यात फोटो, कौशल्यांपुढे तारे. माझा सीव्ही तसा केल्यावरच बोलावणी यायला लागली. सेल्सच्या माणसाचा कागदही उठून दिसला पाहिजे.

दीपमाळ
रानवारा, हे कृपया सुचवू नका. मी भरतीचं काम करते. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएसमध्ये, म्हणजे अर्जांची छाननी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते सॉफ्टवेअर मजकूर उचलून नाव, पद, तारखा असे कप्पे पाडतं. दोन कॉलम असले की काही ठिकाणी ओळी आडव्या वाचल्या जातात आणि पट्ट्यातला फोन नंबर पदनामात घुसतो. टेक्स्ट बॉक्समधला किंवा हेडरमधला मजकूर कधीकधी गळूनच जातो. आणि 'वाटाघाटी'पुढे चार तारे असले तरी त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. एक कॉलम, साधा फॉन्ट, मजकूर सिलेक्ट करता येईल अशी पीडीएफ. स्कॅन केलेली नको.

रानवारा
छोट्या कंपनीत मालक स्वतः मेल उघडतो. तिथे कुठलं आलंय एटीएस?

दीपमाळ
मान्य. पण त्यालाही साधा कागद वाचायला काहीच त्रास होत नाही.

कोराकागद
पगाराची बोलणी करताना आधी आकडा आपण सांगू नये. फिक्स किती, इन्सेंटिव्ह किती आणि इन्सेंटिव्हला कमाल मर्यादा आहे का, हे लेखी मागावं.

काटेसावर
कोराकागद, उपयोगाचं आहे, पण आधी फोन तर येऊ द्या. पायवाट, आहात का?

पायवाट
आहे. रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅबना रक्ततपासणीची मशीन विकतो. सात वर्षं. अर्ज एरिया मॅनेजरसाठी. आकडे मुद्दाम टाकले नाहीत, कारण गेल्या वर्षी टार्गेट ७२ टक्केच झालं.

चांदणवेल
अहो, मग हे आधी सांगायचं ना! मी याच धंद्यात आहे. मशीन रोखीने विकता की रीएजंटच्या (तपासणीला लागणाऱ्या रसायनांच्या) करारावर बसवता? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करारावर बसवलेल्या मशीनची कमाई पुढची काही वर्षं रीएजंटच्या खपातून येते. म्हणजे नवी मशीन किती बसवली, जुन्या लॅबमधला खप किती वाढवला, करार संपल्यावर किती लॅब टिकल्या, हे तीन वेगळे आकडे आहेत. 'ग्राहकांशी संबंध ठेवणे' यात तिन्ही बुडाले. आणि ७२ का झालं?

पायवाट
बहुतेक करारावरच. वर्षाच्या मध्यात टेरिटरीचे दोन भाग केले. मोठी रुग्णालयं दुसऱ्याकडे गेली, टार्गेट मात्र तेवढंच. उरलेल्या लॅबमध्ये दुसऱ्या कंपन्यांची मशीन, करार संपेपर्यंत शिरकाव नाही. तरी आठ जणांत दुसरा होतो. आधीच्या दोन वर्षी १०८ आणि ११५.

काटेसावर
आठात दुसरा, आणि ते सीव्हीत नाही? सगळं सोडून आधी ती ओळ टाका.

रानवारा
१०८ आणि ११५ टाका. ७२ गाळा. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?

दीपमाळ
गाळलेलं वर्ष लगेच दिसतं. सेल्सच्या मुलाखतीत टार्गेट किती आणि झालं किती, हे विचारतातच. टीममधला क्रमांक शेजारी ठेवून ७२ लिहा. कारण मात्र सीव्हीत देऊ नका, ते समोरासमोर सांगा.

चांदणवेल
इथे माझं मत वेगळं आहे. 'मध्यात टेरिटरी विभागली' एवढे तीन शब्द कंसात हवेतच. सेल्स मॅनेजर वाचत असेल तर त्याला तेवढ्यात सगळं कळतं. आणि रुग्णालयांची नावं, कराराचे दर लिहू नका. ती कंपनीची गोपनीय माहिती आहे. आज त्यांचे दर उघड करणारा उद्या आपलेही करेल, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

लिंबोणी
थोडं अवांतर. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला काम मागण्यासाठी पत्र लिहिलं. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असे मुद्दे आधी, आणि चित्रकला शेवटाकडे. स्फोर्झाला गरज होती ती युद्धाच्या कामाची.

काटेसावर
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. एरिया मॅनेजर घेणाऱ्याला टीम चालवणारा माणूस हवा असतो. पायवाट, कुणाला हाताखाली तयार केलंय का?

हिरवळ
मी फ्रेशर आहे. अनुभवच नसेल तर सेल्सच्या सीव्हीत काय लिहायचं?

चांदणवेल
हिरवळ, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते. तोवर एवढंच: कॉलेजच्या कार्यक्रमाला प्रायोजक मिळवले असतील, दुकानात काउंटर सांभाळला असेल, तर तोही विक्रीचाच अनुभव आहे. आकड्यासकट लिहा.

पायवाट
दोन नवीन मुलांना फिल्डवर सोबत नेऊन तयार केलंय. ते लिहिण्यासारखं आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. आता असं केलंय:

'रक्ततपासणी यंत्रांची विक्री, ७ वर्षं: रुग्णालये व पॅथॉलॉजी लॅब.
टार्गेटच्या तुलनेत विक्री, मागील ३ वर्षे: १०८, ११५, ७२ टक्के (तिसऱ्या वर्षी मध्यात टेरिटरी विभागली, ८ जणांत दुसरा).
करार संपलेल्या १४ लॅबपैकी १२ टिकवल्या.
२ नव्या सहकाऱ्यांना फिल्डवर प्रशिक्षण.'

दीपमाळ
आता हा सीव्ही आला तर मी फोन करीन. जाहिरातीत पदाचं आणि यंत्रांचं नाव जसं दिलंय तसंच तुमच्याकडे येऊ द्या. नोकऱ्यांच्या तारखा लिंक्डइनशी जुळवून बघा, तिथली तफावत लगेच डोळ्यात येते.

चांदणवेल
टिकवलेल्या लॅबमधला रीएजंटचा खप किती वाढला? तो आकडा असेल तर चौथ्या ओळीच्या आधी घाला. आणि त्या दोघांनी पहिल्या वर्षी टार्गेट गाठलं का, तेही बघा.

पायवाट
एकाने गाठलं. ताई, खपाचा आकडा जुन्या रिपोर्टमधून काढावा लागेल. आज रात्री बसतो, उद्या पाठवतो.