मदत हवी आहे: पाचवीतल्या मुलाला पॅटमध्ये गणितात ४० पैकी ११, शाळेत म्हणतात नापास होईल

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांची संकलित चाचणी झाली, जिला सगळे पॅट म्हणतात ती. मराठी, गणित आणि इंग्रजी असे तीन पेपर होते. मराठीत बरे गुण आहेत, इंग्रजीत जेमतेम, पण गणितात ४० पैकी ११ आले. पावसाळ्यात पायाभूत चाचणी झाली तेव्हाही गणित असंच होतं. तेव्हा शाळेतून सांगितलं होतं की हे गुण कुठे धरत नाहीत, काळजी करू नका.

आता पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, "असंच चाललं तर यंदा पाचवीतच बसवावं लागेल, पूर्वीसारखं वर ढकलणं बंद झालंय. बाहेर क्लास लावा." घरी आल्यापासून पोरगा गप्प आहे. रात्री विचारलं तर म्हणतो, "माझे मित्र सहावीत गेले की मी कोणाबरोबर बसू?"

मला कळत नाही ते असं की मुलगा हिशेबाला कच्चा नाही. दूध, पाव, अंडी आणायला पाठवलं की सुटे पैसे बरोबर मोजून आणतो. परवा दुकानदाराने पाच रुपये कमी दिले तर परत जाऊन घेऊन आला. पाढे पंधरापर्यंत पाठ आहेत. मग पेपरात काय होतं?

मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते, घरी यायला नऊ वाजतात. नवऱ्याची रात्रपाळी असते. स्टेशनजवळच्या क्लासची फी विचारली, ती आम्हाला परवडणारी नाही. परवडत नसली तरी काहीतरी करून भरेन, पण त्याचा उपयोग होणार असेल तरच. या पॅटच्या गुणांवर खरंच नापास करतात का? पेपर बघायला मागितला तर देतात का? मागितल्यावर मुलावर राग काढणार नाहीत ना, ही पण एक भीती आहे. कोणी शिक्षक असतील तर कृपया सांगा.

कुर्ला_ते_कल्याण

ताई, आधी डोळे तपासून घ्या. माझ्या भाचीचं असंच होतं, फळ्यावरचं दिसायचंच नाही तिला. उतरवून घेतानाच आकडे चुकायचे.

भांडुपची_आई

शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळे बघितले होते, ठीक आहेत. तरी पुन्हा एकदा दाखवते. धन्यवाद.

खडूफळा

ताई, मी ठाणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाचणी तीच, पेपर तेच, म्हणून सविस्तर लिहिते.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. २०२३-२४ पासून सुरू झाली, जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स या शिक्षण प्रकल्पातून. पेपर पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत ते एकाच वेळापत्रकाने होतात. तपासतो आम्हीच. मग प्रत्येक मुलाचे गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे, ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जातात. वर्षाला तीन चाचण्या योजलेल्या आहेत: सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि संकलित दोन.

पायाभूतचे गुण प्रगतिपुस्तकात धरत नाहीत, शाळेने तुम्हाला तेव्हा खरं तेच सांगितलं. संकलित एक ही मात्र या तीन विषयांची पहिल्या सत्राची परीक्षा म्हणून धरतात. पण पाचवीत पास की नापास हे या पेपरावर ठरत नाही. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला आणि पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. ठरतं ते त्या परीक्षेवर. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा असतो आणि पास व्हायला १८ लागतात. कमी पडले तर लगेच बसवून ठेवत नाहीत. त्या विषयात जादा मार्गदर्शन करायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्येच आहे, २०१९ च्या दुरुस्तीत. त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसवता येतं. आणि काही झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. म्हणजे "या चाचणीच्या गुणांवर पोरगा पाचवीत बसेल" हे बोलणं चूक आहे, आणि ते चारचौघांत मुलाचं नाव घेऊन बोलणं त्याहून चूक.

पेपर मागा. नक्की मागा. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं त्यातच येतं. तुम्ही कोणाचे उपकार मागत नाही आहात. वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, सभेत नको. "गुण वाढवा" असं म्हणू नका, "नेमकं कुठे अडतोय ते मला दाखवा" एवढंच म्हणा. या प्रश्नाचा कुठल्याही शिक्षकाला राग येऊ नये. मला तर कोणी पालक हे विचारतच नाही, सगळे किती पडले तेवढंच विचारतात.

पेपरात हे बघा: आडवी-उभी गणितं, म्हणजे नुसती बेरीज, वजाबाकी, गुणाकार, ती बरोबर आहेत का? आणि शाब्दिक उदाहरणं? दोन्हींचं वेगळं वेगळं लिहा इथे.

परळचा_पालक

मला वेगळं वाटतं, स्पष्ट लिहितो. माझी मुलगी अनुदानित शाळेत सातवीत आहे. पायाभूत, संकलित, घटक चाचण्या, मध्येच शिष्यवृत्तीची तयारी. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीहून ते परख सर्वेक्षण आलं तेव्हा ती सहावीत होती, त्याच्यासाठीही उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायचा सराव महिनाभर चालला होता. शिकवणार कधी? पॅटच्या उत्तरांचे व्हिडिओ यूट्यूबवर शोधत मुलं बसतात. या चाचण्या बंद करायला हव्यात, ताईंच्या मुलासारखी मुलं त्यात भरडली जातात.

खडूफळा

दादा, सरावाबद्दल तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे, आणि त्याचा त्रास आम्हालाही होतो. पण परख आणि पॅट एक नाहीत. परख हे नमुना सर्वेक्षण आहे. काही निवडक शाळांतली तिसरी, सहावी आणि नववीची मुलं घेतात आणि त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र काढतात. तुमच्या मुलीच्या नावाने त्याचा निकालच नसतो. त्याचा सराव घेण्यात मुलांचा काडीचाही फायदा नाही.

पॅट मुलागणिक आहे, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. प्रत्येक प्रश्न एकेका अध्ययन निष्पत्तीला, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं त्याला, जोडलेला असतो. नीट वाचला तर तो पेपर मला सांगतो की वर्गात कोणाला अपूर्णांक कळले नाहीत आणि कोणाचा हातचा चुकतो. अडचण पुढची आहे. पेपर तपासायचे, गुण भरायचे, मुदत पाळायची, त्यात बीएलओची, म्हणजे मतदार यादीची कामं. गुण वर गेले की संपलं असं होतं. त्याच कलम २४ मध्ये लिहिलंय की शिक्षकाने प्रत्येक मुलाची क्षमता तपासावी आणि त्याप्रमाणे गरज असेल तिथे जादा शिकवावं. तपासणी होते, जादा शिकवणं राहतं. भांडायचं तर त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी भांडू या.

निवृत्त_गुरुजी

खडूफळा बाई योग्य बोलत आहेत. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हाही पायाभूत चाचण्या होत्या, आणि तेव्हाही ज्या शाळांनी पेपर पुढे ठेवून मुलांचे गट केले त्यांची मुलं पुढे गेली. बाकीच्यांनी तक्ते भरले. त्याआधी २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवणं, आहेच. त्यातही नोंदी कशासाठी ठेवायच्या हे विसरलं गेलं आणि वह्या भरणं उरलं.

बाई, मुलाला घरी ओरडू नका एवढंच माझं सांगणं.

भांडुपची_आई

गुरुजी, ओरडले नाही. उलट पेपर दाखवल्यावर मला रडूच आलं, ते सांगते.

खडूफळा ताई, तुम्ही सांगितलं तसं वर्गशिक्षिकेला मधल्या सुट्टीत भेटले. सभेत बोलल्या होत्या त्यापेक्षा खूप मऊ बोलल्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत आणि शेजारच्या वर्गाची जबाबदारीही त्यांच्यावरच आहे, हे मला माहीत नव्हतं. पेपर काढून दिला, तिथेच बसून बघा म्हणाल्या.

आडवी-उभी गणितं जवळजवळ सगळी बरोबर आहेत. हातचा घेतलेलासुद्धा बारीक आकड्यात वर नीट लिहिलाय. शाब्दिक उदाहरणं सगळी चुकली, आणि सगळी एकाच तऱ्हेने. एका शाळेत ४३५ मुलं आहेत, त्यात १८६ मुली, तर मुलगे किती, असं काहीतरी होतं. त्याने ४३५ आणि १८६ ची बेरीज करून ६२१ लिहिलंय. बेरीज बरोबर आहे! पुढच्या उदाहरणात तीन आकडे होते, तिन्हींची बेरीज. प्रश्नात जेवढे आकडे दिसले तेवढे मिळवून टाकले. शेवटचं पान कोरं.

घरी येऊन मी तेच उदाहरण त्याला तोंडी वाचून दाखवलं. मान वर न करता म्हणाला, "वजा करायचं ना? दोनशे एकोणपन्नास." मग कागदावर लिहून दिलं तर पुन्हा बेरीज करायला बसला. आता मला सांगा, हे गणित कच्चं म्हणायचं का?

खडूफळा

नाही ताई, हे वाचन आहे. त्याला गणित येतं, त्याला वाक्याचा अर्थ लागत नाहीये. अक्षरं ओळखतो, शब्द वाचतो, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात हातातून निसटते, मग आकडे तेवढे उरतात. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात. गणिताच्या क्लासला घातलं तर तिथेही हीच उदाहरणं आणखी जास्त देतील. पैसे घालवू नका.

मराठीत बरे गुण पडले म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसेल. त्या पेपरात तोंडी गुण असतात, आणि उताऱ्यावरच्या पुष्कळ प्रश्नांचं उत्तर उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून देता येतं. खात्री करायची असेल तर त्याने कधी न वाचलेला एक परिच्छेद द्या, वर्तमानपत्रातला चालेल. मनात वाचू दे, मग कागद पालथा घाला आणि काय वाचलं ते सांग म्हणा.

नऊला घरी येता म्हणता, तर रात्री जेवणानंतर थोडा वेळ पुरे. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातलं एकच शाब्दिक उदाहरण घ्यायचं. पहिल्यांदा आकडे बोटाने झाकून वाचायला लावा. "एका शाळेत काही मुलं आहेत, त्यात काही मुली, तर मुलगे किती?" आकडेच नाहीत म्हटल्यावर मिळवता येत नाही, गोष्ट समजून घ्यावीच लागते. त्याने स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगितली की बोट काढा. उत्तर त्यानंतर. काही दिवसांनी उलटं करा: तुम्ही नुसतं ५०० − ३२० लिहून द्या, त्यावर गोष्ट त्याने रचायची. तुमच्या दुकानातली रचली तरी चालेल, पाचशेची नोट आणि औषधाचं बिल.

कुर्ला_ते_कल्याण

हे आकडे झाकायचं मी भाचीबरोबर आजच करून बघते.

परळचा_पालक

ताई, आधी बोललो त्यातलं सरावाचं मत माझं कायम आहे. पण तुमच्या पेपरातून जे निघालं ते बघून माझ्या मुलीचेही पेपर उद्या मागतो.

भांडुपची_आई

काल परिच्छेद देऊन बघितला. मोठ्याने भराभर वाचला, कागद पालथा घातल्यावर दोनच शब्द सांगता आले. ताई, तुमचं म्हणणं तंतोतंत आहे. आकडे झाकून मात्र दुसऱ्या दिवशीच उदाहरण सुटलं, आणि सुटल्यावर स्वतःच म्हणाला, "अजून एक दे."

एक शेवटचं विचारते. वर्गशिक्षिका म्हणाल्या की अशी आणखी सात-आठ मुलं वर्गात आहेत, त्यांना एकत्र घेऊन वाचन घ्यायला त्या तयार आहेत. पण वरून सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायला सांगितलंय, तासिका कुठून काढू, असं त्या म्हणतात. मी एकटी आई, मुख्याध्यापकांकडे जाऊन काय बोलू? बाई अडचणीत येऊ नयेत असंही वाटतं.

निवृत्त_गुरुजी

एकट्या जाऊ नका. त्या सात-आठ मुलांच्या पालकांपैकी जेवढे येतील तेवढे घ्या. शाळेची शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. तुमच्या वर्गातलं त्यात कोण आहे ते शाळेच्या फलकावर बघा. विषय समितीच्या बैठकीत मांडला की तो इतिवृत्तात जातो, आणि मग मागणी बाईंची न राहता पालकांची होते.

खडूफळा

गुरुजींनी सांगितलं तेच करा. अर्ज साधा, अर्ध्या पानाचा लिहा. तक्रारीचा सूर नको. "संकलित चाचणी एकच्या पेपरांवरून असं दिसतं की इयत्ता पाचवीतील काही मुलांना शाब्दिक उदाहरणं वाचून समजत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार त्यांना जादा अध्यापन मिळावं. त्यासाठी सराव प्रश्नपत्रिकांच्या वेळातून आठवड्याला तीन तासिका द्याव्यात." खाली पालकांच्या सह्या. दोन प्रती न्या, एकीवर पोचेची सही आणि तारीख घ्या. मुख्याध्यापकांकडून काही झालं नाही तर तोच अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागातल्या तुमच्या वॉर्डाच्या बीट अधिकाऱ्यांना द्या.

वार्षिक परीक्षेला अजून चार-पाच महिने आहेत, तेवढ्यात वाचन नक्की सुधारतं. अर्जाचा मसुदा इथे टाका, मी बघून देते.