सकाळी सेल्फ अडखळतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो : जुन्या डिझेल पिकअपमध्ये आधी काय तपासू?

शापोरा_पिकअप (प्रश्न)

गाडी २००९ ची, डिझेल, साधा मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. शापोऱ्याच्या जेटीवरून म्हापशाच्या बाजारात मासळी नेते, त्यामुळे हौद्यातून बर्फाचं खारट पाणी रोज खाली गळतं. तक्रारी अशा :

१. सकाळी पहिल्यांदा चार-पाच सेल्फ मारावे लागतात. सुरू होताना पांढरा धूर येतो, मग ठीक चालते. दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. चढावर तोंड वर करून उभी केली तर दुसऱ्या दिवशी त्रास जास्त.
२. कधी कधी सेल्फ नुसता 'टक्' करतो किंवा जड फिरतो. बॅटरी आठ महिन्यांची आहे.
३. हेडलाइट पिवळट. लाइट चालू असताना ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो.
४. स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) बॅटरीचा दिवा मिणमिणतो.
५. पंधरा दिवसांपासून ब्रेकचं पेडल मधूनच दगडासारखं होतं.

गॅरेजवाला म्हणतो सेल्फ, बॅटरी, अल्टरनेटर तिन्ही बदला. पुढच्या महिन्यात आरटीओची फिटनेस तपासणी आहे. एवढं सगळं एकदम जातं का?

वायरमन_फोंडा

काहीही बदलू नका. तुमची दुसरी आणि तिसरी तक्रार वाचून आधी अर्थिंगच (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) डोळ्यासमोर येतं. डिजिटल मल्टिमीटर घ्या, साधा चालेल, आणि २० व्होल्ट डीसीवर लावा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील.

आता मुख्य तपासणी. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या स्टॉप सोलनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढा आणि कोणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२ च्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढे व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नाहीत. मग काळी पिन तशीच ठेवून लाल पिन आधी क्लॅम्पवर, मग चेसिसवर, मग इंजिनवर सरकवा. जिथे आकडा उडी मारतो तिथे गंज आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच करा : बॅटरीची खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, ०.५ च्या आत हवं.

इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी खराब झाली की सेल्फचे शेकडो अँपिअर परतीला दुसरी वाट शोधतात. बहुतेक वेळा ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल सापडते. सेल्फ मारल्यानंतर त्या केबलला हात लावून बघा. गरम लागली किंवा वरचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर पुढे काही शोधायलाच नको.

दुरुस्ती : बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पट्टीचे दोन्ही बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, धातू चकचकीत दिसेपर्यंत. दातेरी वॉशर टाकून घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून बोल्ट आवळायची सवय सोडा. पट्टी हिरवी पडून कुरकुरीत झाली असेल तर ३५ चौरस मिमीची नवी केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले तांब्याचे लग (बोल्टसाठी भोक असलेली टोकं).

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटणं म्हणजे टेल लॅम्पचा अर्थ गेला. ब्रेकच्या बल्बचा करंट परत जायला वाट नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जातो. मासळीच्या गाडीत हे व्हायचंच. लॅम्पच्या काळ्या वायरचं टोक सोला. तांबं काळं दिसलं तर लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, कधी कधी वीतभर जातं. खारं पाणी आवरणाच्या आतून तारेत चढतं. हौद्याच्या पत्र्याला अर्थ देऊ नका, २.५ चौरस मिमीची वायर चेसिसपर्यंत आणून तिथे बोल्ट मारा.

हेडलाइटसाठी चालू इंजिनवर बॅटरी आणि बल्बच्या मागच्या पिना असं दोन्हीकडे मोजा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२ असेल तर वायरिंग आणि कॉम्बिनेशन स्विच करंट खातायत. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. डिमर-अपर दोन्हींना वेगळे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारे स्विच) लावा : ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ बल्बला, ८५ अर्थला, ८६ ला जुन्या स्विचची वायर. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवा. १००/९० वाले टाकले तर होल्डर वितळतात आणि फिटनेसलाही अडकाल.

डिझेल_डिचोली

पहिल्या तक्रारीवर बोलतो. 'तोंड वर केलं की त्रास जास्त', यात उत्तर आलं. रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं आणि लाइन हवा धरते. आपल्याकडच्या उकाड्यात आधी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारे) बदलायला धावू नका. फक्त प्लगची वायर काढून ओहममध्ये मोजा : एक ओहमच्या आसपास किंवा कमी म्हणजे जिवंत, काहीच दाखवलं नाही तर तुटलेला.

उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड पंप दाबा. सुरुवातीला पोकळ लागून बऱ्याच दाबांनंतर कडक झाला आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, तर हवा नक्की. ही सक्शनची बाजू आहे, त्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणूनच माणसं 'कुठे गळत नाही' म्हणून सोडून देतात.

शोधायचं कुठे : रबरी नळ्यांची टोकं (क्लिपखाली चीर असते), बॅन्जो बोल्टचे (डिझेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरची ओ-रिंग, हँड पंपाचा आतला व्हॉल्व्ह. तुमच्या गाडीत मी आधी टाकीच्या डोक्यावरचा लोखंडी पाइप बघेन. हौद्याचं खारं पाणी टाकीच्या वर साचत असेल तर तो सुईएवढ्या भोकांनी गंजतो. खात्री करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपाच्या उंचीवर ठेवा आणि त्यातून थेट फिल्टरला नळी द्या. रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला.

हवा काढताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारा, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरीही सुरू झाली नाही तर दोन इंजेक्टरवर येणाऱ्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करून दहा सेकंद सेल्फ. मध्ये सेल्फला अर्धा मिनिट विश्रांती द्या. त्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, ते डिझेल कातडीतून आत घुसतं आणि थेट ऑपरेशनच लागतं. पावसाळ्यात फिल्टरखालचा पाण्याचा नळ आठवड्यातून एकदा उघडायचा.

घाटावरचा_फिटर

वरचं दोन्ही बरोबर आहे, पण क्रम चुकलाय. पाचवी तक्रार पहिली करा.

या पिढीच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा पाइप जातो. त्याचं सील गेलं की व्हॅक्यूम कमी पडतो, पेडल कडक होतं आणि ऑइल अल्टरनेटरच्या आत जाऊन कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) भिजतात, चार्जिंग पडतं. तुमची चौथी आणि पाचवी तक्रार हा एकच रोग असू शकतो.

बंद गाडीत पेडल सहा वेळा दाबून कडक करा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी काढून व्हॅक्यूम गेज लावा, चालू इंजिनवर ६०० मिमी पाऱ्याच्या पुढे हवं. तेवढं मिळालं तर मग दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्या वन-वे व्हॉल्व्हमध्ये. नळी तापल्यावर आतून चिकटते, वरून मात्र चांगली दिसते. दोन बोटांनी दाबून बघा, मऊ लागली तर बदला.

शापोरा_पिकअप

सगळं मोजलं. बॅटरी १२.६. सेल्फ मारताना निगेटिव्ह खुंटी ते इंजिन १.४ व्होल्ट! ॲक्सिलरेटर केबलचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळलेलं आहे. पट्टी घासून बसवली तर ०.१ वर आलं, सेल्फ नव्यासारखा फिरतो. हँड पंपाला वीस-पंचवीस दाब लागले आणि गाडी लगेच सुरू झाली. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचा काळा थर आहे, पेडल सुरू केल्यावर हलत नाही. मग आता नवा अल्टरनेटर घेऊ का?

घाटावरचा_फिटर

नको. पंप वेगळा करून सील आणि ओ-रिंग नवीन टाका, आतली पाती झिजली असतील तर ती बदला. कार्बन ऑइलमध्ये भिजले की धुऊन सुधारत नाहीत, नवेच घ्या. स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्या) कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. ऑइल परत जाणारी नळी तुंबलेली असेल तर नवं सीलही महिन्यात जाईल, ती आतून तार घालून साफ करा. जोडल्यावर लाइट लावून १,५०० आरपीएमवर बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. दिसलं नाही किंवा दिवा तरीही मिणमिणला तर मीटर एसीवर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अल्टरनेटरची डायोड प्लेट (एसीचं डीसी करणारी) गेली.

हे होईपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका भाऊ. इंजिन चालू असूनही बूस्टरची मदत नाही, पूर्ण लोडवर गाडी थांबायला कितीतरी जास्त जोर लागेल.

वायरमन_फोंडा

वितळलेली ॲक्सिलरेटर केबलही बदला, आत तार चिकटली तर रेस अडकते. आणि हौद्याचं भोक टाकीच्या वर येत असेल तर त्याला रबरी नळी लावून पाणी चेसिसच्या बाहेर सोडा. संध्याकाळी क्रेट उतरवले की खालून गोड्या पाण्याचा पाइप पाच मिनिटं, टाकीच्या वरच्या खाचेत विशेष.